न मिळालेलं समन्स, कापलेला पगार

पगाराची स्लिप नीट वाचणारी माणसं थोडी. खात्यात किती जमा झाले ते मोबाइलवर दिसतं आणि तेवढ्यावर महिना सुरू होतो. म्हणून एखाद्या महिन्यात आठ-दहा हजार रुपये कमी आले की माणूस आधी बँकेत विचारतो, मग लेखा विभागात जातो. तिथला लिपिक फाइलमधून कागद काढून समोर धरतो. दिवाणी न्यायालयाचा आदेश, दरखास्त क्रमांक अमुक, आणि ऋणको म्हणून आपलंच नाव. दाव्याची एकही तारीख आपण पाहिलेली नसते. तरी निकाल लागून गेलेला असतो आणि वसुलीही सुरू झालेली असते.

अशा वेळी पहिली प्रतिक्रिया असते, ‘मला न विचारता निकाल लागतोच कसा?’ लागतो, आणि कायद्याने लागतो. लागलेला तो निकाल रद्दही होऊ शकतो. पण त्यासाठी कर्ज खरं होतं की खोटं, व्याज जास्त लावलं की कमी, या गोष्टी तूर्त बाजूला ठेवाव्या लागतात. अशा प्रकरणात पहिला प्रश्न एकच असतो: समन्स तुमच्यापर्यंत पोहोचलं होतं का, आणि नसेल तर निकालाची बातमी तुम्हाला कोणत्या दिवशी कळली?

महाराष्ट्रात इथे पोहोचण्याची सर्वांत नेहमीची वाट जामीनकीची. सहशिक्षकाने किंवा एसटीतल्या मित्राने कर्ज काढताना ‘फक्त एक सही’ मागितलेली असते. सही करणारा पुढे ती विसरून जातो. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं त्याला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. कर्जदाराचा धंदा बसलेला आणि जामीनदाराचा पगार मात्र दर महिन्याला ठरल्या तारखेला होणारा, तेव्हा धनको कुणाचं दार वाजवेल हे सांगायला नको. जामीनदाराने भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मागण्याचा हक्क कलम १४५ मध्ये आहे. तो बजावायला वेगळा दावा लावावा लागतो आणि कर्जदाराकडे काही शिल्लक असावं लागतं, ही त्यातली गोम.

दुसरी वाट पत्त्याची. कर्ज घेताना भोसरीत भाड्याची खोली होती, नंतर बदली नागपूरला झाली. बँकेच्या दफ्तरात पत्ता जुनाच राहिला. समन्स त्या खोलीवर गेलं. किंवा कागदावर गावचा पत्ता होता, तिथे आता कुलूप आहे. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही, पण नसेलच असंही नाही.

समन्स बजावण्याचे नियम दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ च्या आदेश ५ मध्ये आहेत आणि ते वाचले तर लक्षात येतं की कायदा करणाऱ्यांनी या टप्प्यावर बराच विचार केला होता. समन्स शक्यतो प्रतिवादीच्या हातात द्यायचं. तो घरी नसेल आणि वाजवी वेळेत सापडण्याची शक्यता नसेल, तर घरातल्या सज्ञान व्यक्तीला द्यायचं. घरकाम करणारा नोकर कुटुंबातला मानायचा नाही, हेही नियमात लिहिलेलं आहे. घेणाऱ्याने सही नाकारली किंवा कुणीच भेटलं नाही, तर बेलिफाने समन्सची प्रत बाहेरच्या दारावर चिकटवायची आणि न्यायालयाला अहवाल द्यायचा: कधी चिकटवलं, कोणत्या परिस्थितीत, घर कुणी दाखवलं, कुणाच्या देखत. हा अहवाल शपथपत्रावर नसेल तर न्यायालयाने बेलिफाची चौकशी केलीच पाहिजे. पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने पाठवलेलं समन्स, पत्ता बरोबर असताना, तीस दिवसांत पावती परत आली नाही तरी बजावलं गेलं असं न्यायालय ठरवू शकतं. आणि प्रतिवादी तोंड चुकवतोय अशी खात्री झाली तर नियम २० खाली पर्यायी बजावणीचा आदेश होतो. न्यायालयाच्या फलकावर आणि शेवटच्या राहत्या घरावर प्रत लावतात किंवा त्या भागात खपणाऱ्या वर्तमानपत्रात जाहिरात देतात.

नियम चांगले आहेत, पण ते पाळायचे असतात एकाच बेलिफाने, ज्याच्या पिशवीत त्या दिवशीची बरीच समन्सं असतात. पत्ता अर्धवट असतो, घर सापडत नाही, शेजारी बोलायला तयार नसतात. मग अहवालात ‘घर बंद, प्रत दारावर डकवली’ असं एक वाक्य येतं. साक्षीदाराची जागा रिकामी राहते किंवा तिथे असं नाव येतं की ज्याचा ठावठिकाणा कुणाला सांगता येत नाही. हा एक कागद पुढे सगळ्यांत मोलाचा ठरतो.

प्रतिवादी हजर न झाल्यावर दावा एकतर्फी चालतो. एकतर्फी म्हणजे वादी म्हणेल ते मान्य, असं मात्र नाही. पुरावा तपासल्याशिवाय न्यायालयाने डोळे मिटून हुकूमनामा (डिक्री) देऊ नये, असं सर्वोच्च न्यायालयाने बलराज तनेजा विरुद्ध सुनील मदान (१९९९) या निकालात बजावलं आहे. तरी उलटतपासणी घेणारं समोर कुणी नसल्यावर खातेउतारा आणि व्याजाचा हिशोब जसाच्या तसा मान्य होतो, हे कुठल्याही तालुका न्यायालयात जाऊन पाहता येईल.

हुकूमनाम्यानंतर वादी त्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करतो. निदान आता तरी नोटीस यायला हवी, असं सामान्य माणसाला वाटतं. संहितेच्या आदेश २१, नियम २२ प्रमाणे ती सहसा तेव्हाच सक्तीची असते, जेव्हा हुकूमनामा होऊन दोन वर्षं उलटून गेलेली असतात. दोन वर्षांच्या आत आलेल्या दरखास्तीत पगारजप्तीचा आदेश थेट तुमच्या कार्यालयात जाऊ शकतो. म्हणजे ज्याला समन्स मिळालं नाही त्याला दरखास्तीचीही खबर नसते आणि पहिली बातमी देतो तो पगार वाटणारा लिपिक. माझ्या मते ही संहितेतली उणीव आहे. एकतर्फी हुकूमनाम्याच्या बाबतीत तरी दरखास्तीची नोटीस नेहमीच सक्तीची असायला हवी. जो माणूस एकदाही न्यायालयात आला नाही, त्याच्या बाबतीत सावधगिरी जास्त हवी की कमी?

हे दुखणं महाराष्ट्राला नवं नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या भीमथडी तालुक्यात, सुपे गावी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि खतं, रोखे, हुकूमनामे काढून जाळले. ज्यांना आपण दख्खनचे दंगे म्हणतो ते इथून पसरले. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, ही त्यातली ध्यानात घेण्याजोगी बाब. नंतर नेमलेल्या आयोगाच्या अहवालात इतर कारणांबरोबर एकतर्फी निकालांचा मुद्दा ठळकपणे आला. कुळ न्यायालयात येत नाही, सावकाराच्या बाजूने हुकूमनामा होतो आणि त्या हुकूमनाम्याच्या धाकाने नवं खत लिहून घेतलं जातं, असा तो फेरा होता. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी त्याने जे केलं ते आजही धाडसी वाटावं. प्रतिवादीला बोलावून त्याची जबानी न्यायालयाने स्वतः घ्यायची. कर्जाचा इतिहास मुळापासून तपासायचा. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पुढे याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं. तो कायदा आता नाही. शेतकऱ्यासाठी तेव्हा जी काळजी घेतली गेली, ती आजच्या पगारदाराच्या वाट्याला आलेली नाही.

त्याच्या वाट्याला आलं आहे ते संहितेचं कलम ६०. जप्तीत काय घेता येतं आणि काय घेता येत नाही याची यादी या कलमात आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची औजारं या गोष्टी तर सुरक्षित आहेतच. पगारदाराच्या कामाचा भाग असा: पगाराचे पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश जप्त करता येत नाहीत. समजा, एकूण मासिक वेतन ३१,००० आहे. हजार बाजूला काढले, उरले ३०,०००. त्यातले २०,००० सुरक्षित. म्हणजे हातात राहायला हवेत २१,००० आणि कापता येतात जास्तीत जास्त १०,०००. सरकारी नोकरांच्या बाबतीत शासनाने जप्तीमुक्त म्हणून जाहीर केलेले भत्ते या हिशोबात धरायचेच नाहीत.

सुरक्षित असलेला तो पहिला हजार १ जुलै २००२ पासून आहे. त्याआधी तो ४०० होता. हजाराचा आकडा तेव्हापासून तिथेच आहे. आज हजार रुपयांत गॅसचं एक सिलिंडर आल्यावर हातात फारसं काही उरत नाही. छोट्या पगाराच्या माणसाला जगण्यापुरतं हातात राहावं हा या तरतुदीमागचा उद्देश होता. तो आता फक्त कागदावर उरला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

कलमातली दुसरी तरतूद मात्र भक्कम आहे आणि ती लेखा विभागातल्या मंडळींनाही क्वचितच ठाऊक असते. एकाच हुकूमनाम्यापोटी पगाराची जप्ती एकूण २४ महिने चालली, सलग असो वा तुटक, की त्या हुकूमनाम्यापुरता तुमचा पगार कायमचा सुटतो. वरच्या उदाहरणात वेतन तेवढंच राहिलं तर त्या एका हुकूमनाम्यात पगारातून जास्तीत जास्त २ लाख ४० हजार जाऊ शकतात, त्यापुढे नाही. दुसऱ्या हुकूमनाम्यासाठीही मधे बारा महिन्यांची विश्रांती द्यावी लागते. कार्यालयाला हे आपणहून सुचेल या भरवशावर राहू नये. पंचविसाव्या महिन्याची कपात थांबवण्यासाठी लेखी अर्ज द्यावा आणि तोच न्यायालयातही द्यावा. कर्ज मात्र त्यामुळे संपत नाही. हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते, व्याज चालू राहतं, आणि बँक खातं, गाडी, प्लॉट यांवर वेगळी जप्ती येऊ शकते.

कारखान्यात किंवा बांधकामावर काम करणाऱ्यांसाठी याहून मोठं संरक्षण आहे. मजुरांचं आणि घरगुती नोकरांचं वेतन पूर्णपणे जप्तीमुक्त आहे, एक तृतीयांशसुद्धा घेता येत नाही. मजूर या शब्दात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल सगळे येतात आणि वेतनात बोनसही धरलेला आहे, असं कलमाच्या स्पष्टीकरणातच म्हटलं आहे. तरी फिटरच्या किंवा वेल्डरच्या पगाराला लिपिकाचाच हिशोब लावला जाऊ शकतो, कारण आदेशाचा छापील नमुना एकच असतो आणि हरकत घेणारं कुणी नसतं. भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ आणि आयुर्विम्याची रक्कमही सुरक्षित. निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी तर खात्यात जमा होऊन मुदत ठेवीत गेली तरी त्यांचं संरक्षण जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने राधेश्याम गुप्ता विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या प्रकरणात म्हटलं आहे.

पगाराच्या वरच्या हिशोबाला पोटगीचा हुकूमनामा अपवाद. तिथे पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित असतो. बायको-मुलांचा हक्क सावकाराच्या हक्कापेक्षा वरचा मानला आहे, आणि ते बरोबरच आहे.

कर्जाच्या छापील अर्जावर ‘कलम ६० चे सर्व संरक्षण मी सोडून देत आहे’ अशी ओळ असली आणि तिच्याखाली तुमची सही असली, तरी तिला काही किंमत नाही. कलम ६० च्या उपकलम १-अ प्रमाणे असा करारच रद्दबातल आहे. कर्जदार अडलेल्या वेळी कशावरही सही करतो, हे संसदेने गृहीत धरलेलं दिसतं.

कपातीचा आदेश तुमच्या कार्यालयावर बंधनकारक असतो. सरकारी, रेल्वे आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या नोकरांसाठी आदेश २१ चा नियम ४८ आहे. त्याखाली कुठल्याही गावच्या न्यायालयाचा आदेश चालतो. खासगी नोकरांसाठी १९७६ मध्ये नियम ४८-अ घातला, आणि तिथे पगार वाटणारा अधिकारी त्या न्यायालयाच्या हद्दीत असावा लागतो. आदेश डावलून पूर्ण पगार दिला तर तेवढ्या रकमेला मालक जबाबदार. म्हणून लेखा विभागातल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो, त्याच्या हातात काही नाही. आदेशाची प्रत मात्र त्याच्याकडून त्याच दिवशी घ्यावी आणि त्यावर तारीख घालून पोच द्यावी. आधीची एक जप्ती चालू असताना दुसरा आदेश आला, तर दोन्ही कापायचे नसतात. नंतरचा आदेश सगळा तपशील लिहून न्यायालयाकडे परत पाठवायचा असतो.

ती पोच दिल्याची तारीख का महत्त्वाची, ते आता पाहू. एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज आदेश ९, नियम १३ खाली, ज्या न्यायालयाने हुकूमनामा दिला तिथेच करायचा असतो. कारणं दोनच चालतात: समन्स रीतसर बजावलं गेलं नाही, किंवा बजावलं गेलं पण हजर राहता न येण्यास पुरेसं कारण होतं. मुदत तीस दिवसांची. समन्स मिळालेलं असेल तर ती हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात. मिळालेलंच नसेल, तर हुकूमनाम्याची माहिती झाली त्या दिवसापासून. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ मध्ये हे आहे आणि त्याच्या स्पष्टीकरणात आणखी एक मौल्यवान वाक्य आहे: नियम २० खालची पर्यायी बजावणी या कामासाठी रीतसर बजावणी धरायची नाही. कुठल्याशा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आलेल्या जाहिरातीने तुमचे तीस दिवस सुरू होत नाहीत. लेखा विभागात आदेश हातात पडला त्या दिवशी मात्र नक्की सुरू होतात.

इथे माणसं हमखास वेळ घालवतात. आधी कर्जदार मित्राला गाठायचा प्रयत्न होतो. तो ‘पुढच्या महिन्यात बघतो’ म्हणतो. मग बँकेच्या शाखेत दोन फेऱ्या होतात, तिथला अधिकारी ‘केस वकिलाकडे आहे’ असं सांगतो. मग निकालाची नक्कल मागायची. नक्कल मिळायला लागलेले दिवस अपिलाच्या मुदतीतून वजा होतात, पण या अर्जाच्या मुदतीतून आपोआप वजा होत नाहीत. उशीर झालाच तर मुदत कायद्याच्या कलम ५ खाली विलंब माफीचा अर्ज करता येतो. मात्र तेव्हा प्रत्येक दिवसाचं उत्तर देण्याची तयारी ठेवावी लागते.

न्यायालयाच्या नक्कल विभागातून तीन गोष्टी मागवाव्यात: हुकूमनामा, रोजनामा (दाव्यातल्या तारखांच्या कामकाजाची नोंद) आणि बेलिफाचा बजावणी अहवाल. बरेच जण पहिली मागवतात आणि तिसरी विसरतात. खरं तर सुरुवात तिसरीपासून करायला हवी. कोणत्या पत्त्यावर गेले, कोणत्या तारखेला, घर कुणी दाखवलं, साक्षीदार कोण, सही कुणाची, हे सगळं त्यात असतं किंवा नसतं, आणि नसलेलंही तितकंच बोलकं असतं. त्याच्या शेजारी तुमचे कागद ठेवायचे. बदलीचा आदेश, नोंदणी केलेला भाडेकरार, वीजबिल, त्या दिवसाची हजेरी. अहवालात ‘प्रतिवादीने समन्स घेण्यास नकार दिला’ असं असेल आणि हजेरीपटावर तुम्ही त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात कामावर असाल, तर बेलिफाला उलटतपासणीसाठी बोलावण्याची विनंती वकिलामार्फत करावी.

समन्स मिळून हजर न राहिलेल्यांसाठी ‘पुरेसं कारण’ हा मुद्दा उरतो. परिमल विरुद्ध वीणा (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ उलगडला आहे. हजर राहण्याचा प्रामाणिक इरादा होता आणि त्यासाठी शक्य ते केलं, हे दिसलं पाहिजे. आजारपण, अपघात, वकिलाने तारीख चुकीची सांगणं अशी कारणं पुराव्यासकट असतील तर ऐकली जातात. निष्काळजीपणा ऐकला जात नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. बजावणीत नुसती तांत्रिक चूक आहे, पण तारखेची कल्पना तुम्हाला होती आणि हजर राहायला वेळही होता, असं न्यायालयाला पटलं तर हुकूमनामा रद्द होत नाही. १९७६ च्या दुरुस्तीने ही अट मुद्दाम घातली. कारण समन्स चुकवणं ही ऋणकोंचीही एक जुनी कला आहे. बेलिफ दिसला की मागच्या दाराने जाणारे, पोस्टमनला ‘ते इथे राहत नाहीत’ असं स्वतःच सांगणारे कमी नाहीत. आलेलं पाकीट घेतलं नाही म्हणजे दावा टळला, ही समजूत अजून गावोगाव आहे आणि तिने बरीच घरं बुडवली आहेत. नकार दिलेलं समन्स बजावलेलंच समजलं जातं.

नियम १३ चा अर्ज दाखल झाला म्हणून पगाराची कपात थांबत नाही. त्यासाठी स्थगितीचा वेगळा अर्ज द्यावा लागतो आणि न्यायालय बहुधा काही रक्कम भरायला लावतं. एकतर्फी हुकूमनाम्यावर कलम ९६ खाली अपीलही करता येतं. दोन्ही मार्ग एकाच वेळी खुले असतात, पण अपील निकाली निघालं की नियम १३ चा दरवाजा बंद होतो. म्हणून समन्सच मिळालं नसेल तर आधी नियम १३ चा अर्ज करावा, असं माझं मत आहे. अपिलात दाव्याच्या कागदांवरून चर्चा होते आणि ते कागद तुमच्या गैरहजेरीत तयार झालेले असतात. हुकूमनामा रद्द झाला तर दावा पुन्हा सुरू होतो आणि तुम्हाला कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची संधी मिळते. दरम्यान कापून गेलेली रक्कम कलम १४४ खाली परत मागता येते.

एक नेहमीची चूक म्हणजे दरखास्तीच्या न्यायालयात जाऊन ‘मी कर्ज घेतलंच नाही’ किंवा ‘सही माझी नाही’ असं सांगणं. दरखास्त चालवणारं न्यायालय हुकूमनाम्याच्या मागे जात नाही. हुकूमनामा देणाऱ्या न्यायालयाला अधिकारच नव्हता, असा मूळ दोष असेल तरच ते त्यात डोकावतं. तिथे सांगायच्या गोष्टी वेगळ्या: कपात कलम ६० पेक्षा जास्त होतेय, २४ महिने भरले, मी मजूर वर्गात मोडतो, रक्कम आधीच भरली आहे.

हे सगळं दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचं झालं. महाराष्ट्रातल्या पगारदाराची गाठ त्याहून जास्त वेळा पतसंस्थेशी पडते आणि तिथले नियम निराळे आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधक वसुली दाखला देतात. त्यासाठी दिवाणी दावा लागत नाही, आणि नियम १३ चा अर्जही तिथे चालत नाही. दाद मागायची ती कलम १५४ च्या पुनरीक्षण अर्जाने, आणि तो दाखल करून घेण्यापूर्वी एकूण वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के संस्थेत भरावे लागतात. ज्या जामीनदाराला नोटीसच मिळाली नाही त्यालाही आधी निम्मी रक्कम आणायला लावणं अन्यायाचं आहे, असं मला वाटतं. पतसंस्थेच्या ठेवीदारांचे पैसे बुडतात ही त्याची दुसरी बाजू आहे आणि तीही खोटी नाही. याशिवाय कलम ४९ खाली, कर्ज घेतानाच तुम्ही दिलेल्या संमतीपत्रावरून मालक हप्ता कापतो. ती जप्ती नव्हे. पगारातली कपात दिसली की आधी ती न्यायालयाच्या आदेशाने आहे, वसुली दाखल्याने आहे की स्वतःच्या संमतीने, हे विचारून घ्यावं.

वित्त कंपन्यांच्या वैयक्तिक कर्जात आणखी एक प्रकार भेटतो. करारात लवादाचं कलम असतं, कंपनीच लवाद नेमते, नोटीस जुन्या पत्त्यावर जाते आणि लवादाचा निवाडा थेट हुकूमनाम्यासारखा अमलात येतो. त्याला आव्हान द्यायची मुदत निवाडा मिळाल्यापासून तीन महिने आणि फार तर वर तीस दिवस. पण ‘मिळाल्यापासून’ म्हणजे लवादाच्या सहीची प्रत पक्षकाराला प्रत्यक्ष मिळाल्यापासून, असं सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासन विरुद्ध आर्क बिल्डर्स (२०११) मध्ये सांगितलं. वादात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्यानेच लवाद नेमू नये, हे पर्किन्स ईस्टमन (२०१९) मध्ये. ही दोन नावं वकिलासमोर घ्यायला संकोच करू नका.

तुरुंगाची भीती फोनवरून सर्रास घातली जाते. दिवाणी हुकूमनाम्यापोटी अटकेची तरतूद संहितेत आहे खरी, पण कारणे दाखवा नोटीस आणि चौकशीशिवाय सहसा अटक होत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यात स्त्रीला अटक करताच येत नाही. आणि ऐपतच नसलेल्याला नुसतं कर्ज थकलं म्हणून कोठडीत टाकणं घटनेला धरून नाही, असं न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन (१९८०) मध्ये ठणकावून सांगितलं. ऐपत असून लपवणाऱ्याला ही ढाल नाही.

तडजोड करून पैसे भरायचे ठरलं, तर एका गोष्टीत कसूर करू नका. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम न्यायालयात नोंदवली गेली नाही, तर दरखास्तीत ती दिलीच नाही असं धरलं जातं. आदेश २१, नियम २ चा तो कडक नियम आहे. वसुली एजंटाच्या हातात रोख दिली आणि साधी पावती घेतली, तर पगाराची कपात तशीच चालू राहिलेली दिसेल. रक्कम न्यायालयात भरा, किंवा बँकेमार्फत द्या आणि वादीकडून पूर्ण फेडीची पुरशीस, म्हणजे लेखी निवेदन, न्यायालयात दाखल करून घ्या. वादी टाळाटाळ करत असेल तर रक्कम दिल्यापासून तीस दिवसांत स्वतः अर्ज करून नोंद मागता येते. पुरशीस दाखल झाल्यावर जप्ती उठवल्याचा आदेश कार्यालयात पोहोचला की नाही, हेही स्वतःच पाहावं लागतं.

ज्यांनी कधीही कुणासाठी जामीन म्हणून सही केली आहे, त्यांनी वर्षातून एकदा तरी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर स्वतःच्या नावाने शोध घ्यावा. जिल्हा, न्यायालय, पक्षकाराचं नाव आणि वर्ष एवढं पुरतं, पैसे लागत नाहीत. जिथे कर्ज घेतलं तो जिल्हा आणि जिथे आधी राहत होतात तो जिल्हा, दोन्ही पाहा. नाव सापडलं तर सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक टिपून ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, औद्योगिक कामगार, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती आणि अपंग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. आदेश हातात पडला असेल तर तीस दिवस त्याच दिवसापासून चालू झालेले आहेत, तेव्हा तिथे पहिल्या आठवड्यातच जा.